‘क्षारपड’ या संज्ञेची चिकित्सा : सातारा-सांगलीच्या मातीतील कणांचे जुळणे आणि विखुरणे

१. प्रस्तावना

महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावणारी कृष्णा वाई, कराड, सांगली असा प्रवास करीत पुढे कर्नाटकात शिरते. या प्रवासात तिच्या खोऱ्यातील माती पूर्णतः पालटते. माथ्यावर तांबडा जांभा आहे, तर खाली वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत खोल काळी जमीन आहे. दोन्हींचा जन्म दख्खनच्या एकाच काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसाल्टमधून झाला. असे असूनही पावसात एक माती मोकळी राहते आणि दुसरी चिखलून बसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगली जिल्ह्यात उसाची बागायत वाढली आणि तिच्यामागोमाग नापीक होत गेलेल्या जमिनींचा प्रश्नही वाढला. अशा सर्व जमिनींना व्यवहारात, वृत्तपत्रांत आणि पुष्कळदा शासकीय भाषेतही ‘क्षारपड’ हे एकच नाव दिले जाते.

प्रस्तुत लेखात या संज्ञेची आणि तिच्याभोवती रूढ झालेल्या विवेचनाची चिकित्सा केली आहे. ‘क्षारपड’ हा शब्द जमिनीतील क्षारांकडे लक्ष वेधतो, मातीच्या कणांच्या परस्परसंबंधांकडे मात्र तो दुर्लक्ष करतो. परिणामी ज्यांचे स्वरूप परस्परविरुद्ध आहे अशा दोन अवस्था एकाच नावाखाली येतात आणि एकीचा उपाय दुसरीवर केला जातो. ही केवळ शब्दाची चूक नाही. तिचे मोल शेतकऱ्याला जमिनीच्या रूपाने द्यावे लागते.

२. कण जुळतात व विखुरतात म्हणजे काय

पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी भांड्यात भरून त्यात तुरटी फिरवण्याची रीत महाराष्ट्रातील घराघरांत होती. निवळीचे बी उगाळून पाणी स्वच्छ करण्याची पद्धत तर त्याहून जुनी आहे. थोड्याच वेळात गाळ तळाशी बसतो आणि पाणी निवळते. पाणी गढूळ ठेवणारे चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. त्यांच्या पृष्ठभागावर बहुधा ऋणभार असतो. समान भारामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतील ॲल्युमिनियमचे तिहेरी धनभार हे प्रतिसारण मोडतात, कणांचे पुंजके होतात आणि ते जड होऊन खाली बसतात. शेतातील मातीचे वर्तन याच नियमाने चालते.

या नियमाची शास्त्रीय मांडणी टप्प्याटप्प्याने झाली. शुल्झ (१८८२) आणि हार्डी (१९००) यांनी दाखवून दिले की, विरुद्ध भाराच्या आयनाची संयुजा जितकी अधिक तितकी कण जुळवण्याची त्याची शक्ती कितीतरी पटींनी वाढते. गुई (१९१०) आणि चॅपमन (१९१३) यांनी कणाभोवती जमणाऱ्या आयनांच्या ढगाचे गणित मांडले. देर्यागिन व लँडाऊ (१९४१) आणि फेरवे व ओव्हरबेक (१९४८) यांनी आकर्षण व प्रतिसारण यांची एकत्र उपपत्ती दिली. तिच्या आदर्श हिशेबानुसार कण जुळवण्यासाठी एकेरी भाराच्या आयनाची जेवढी संहती लागते, तिच्या केवळ एकचौसष्टांश संहती दुहेरी भाराच्या आयनाला पुरते. मातीतील प्रत्यक्ष आकडे यापेक्षा वेगळे येतात, परंतु दिशा तीच राहते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. कणाला चिकटलेला आयन कोणता, ही पहिली. कॅल्शियम कणांना जवळ आणतो. सोडियमभोवती पाण्याचे जाड कवच असते व त्याचा भार एकेरी असतो, म्हणून तो कणांना दूर ठेवतो. भोवतालच्या पाण्यात एकूण क्षार किती, ही दुसरी. क्षार अधिक असतील तर आयनांचा ढग आक्रसतो आणि सोडियमयुक्त कणसुद्धा जुळून राहतात. पाणी जितके गोडे तितके असे कण विखुरण्याची शक्यता अधिक. ‘क्षारपड’ या संज्ञेतून निसटते ती नेमकी ही दुसरी गोष्ट.

३. माथ्यावरची माती : भार बदलणारे कण

महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर आणि कासच्या सड्यांवर जांभ्याचे कवच आहे. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात केरळातील अशाच दगडाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत विटेला असलेल्या शब्दावरून ते घेतले होते. कोकणात आजही जांभ्याचे चिरे बांधकामाला वापरतात. महाबळेश्वरी वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. दीर्घकाळच्या अशा धुपाईत बेसाल्टमधील सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम विरघळून वाहून गेले. मागे राहिली ती मुख्यत्वे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे आणि केओलिनाइट हे मृद्‌खनिज.

या कणांचा विशेष असा की, त्यांच्या भाराचा मोठा भाग कायमचा नसतो. मातीच्या सामूप्रमाणे तो बदलतो. आम्ल मातीत लोहाच्या ऑक्साइडांवर धनभार असतो, तर केओलिनाइटच्या पत्र्यांवर ऋणभार राहतो. परस्परविरुद्ध भारामुळे हे कण एकमेकांना घट्ट धरतात आणि त्यांच्या बारीक, टिकाऊ कण्या बनतात. प्रयोगशाळेत जिच्यात भरपूर चिकणमाती आढळते, ती माती हाताला मात्र रवाळ लागते. धन आणि ऋण भार समसमान होतात त्या सामूला शून्यभार बिंदू म्हणतात. माती या बिंदूच्या जवळ असते तेव्हा तिचे कण सर्वांत कमी विखुरतात. उष्णकटिबंधातील अशा मातींविषयी युहारा व गिलमन यांनी १९८१ साली लिहिलेल्या ग्रंथात याचे सविस्तर विवेचन आढळते.

याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. आम्ल तांबड्या मातीला चुना द्यावा, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो आणि पोषणाच्या दृष्टीने तो योग्यही असतो. परंतु चुन्याने सामू वाढला की लोहाच्या ऑक्साइडांवरील धनभार घटतो आणि ऋणभार वरचढ होऊ लागतो. स्फुरद कणांना चिकटल्यानेही ऋणभार वाढतो. म्हणून चुना दिल्यानंतर काही काळ अशा मातीत विखुरण वाढल्याचे अनुभव जगभर नोंदले गेले आहेत. पुढे कॅल्शियमचा आणि वाढलेल्या सेंद्रिय द्रव्याचा परिणाम होऊन रचना सुधारू शकते. ‘आम्ल माती म्हणजे चुना’ हे समीकरण मातीच्या कणांना विचारून मांडलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

४. खोऱ्यातील माती : कायमचा ऋणभार

जे माथ्यावरून वाहून गेले त्याचा मोठा वाटा सखल भागाला मिळाला. सिलिका आणि अल्कधर्मी द्रव्ये जेथे साचली तेथे स्मेक्टाइट गटातील फुगणारी मृद्‌खनिजे टिकून राहिली. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून मिटते, ती या खनिजांमुळेच. स्फटिकरचनेतच झालेल्या अदलाबदलीमुळे त्यांच्यावर ऋणभार असतो. सामू बदलून तो नाहीसा होत नाही. त्यामुळे येथे कण जुळणार की विखुरणार, हे त्यांना चिकटलेल्या आयनांवर आणि पाण्यातील क्षारांवर ठरते.

या जमिनीत चुनखडी मुबलक असते. कॅल्शियमचा एवढा साठा असताना कण विखुरावेत, हे वरकरणी विसंगत दिसते. परंतु चुनखडी पाण्यात फारच थोडी विरघळते. उलट, बायकार्बोनेट असलेले विहिरीचे पाणी दिले आणि जमीन वारंवार सुकत राहिली, तर पाण्यातील कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने खाली बसतो व कणांवर सोडियमचा वाटा वाढतो. सांगलीच्या पूर्व भागात पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आसपास असल्याने हा सोडियम धुऊन जाण्याची संधीही कमी मिळते. कॅल्शियम शेतात आहे, पण कणाच्या उपयोगी पडेल अशा रूपात नाही. काळ्या जमिनीची खरी अडचण ही आहे.

५. संज्ञेची चिकित्सा

शेतकऱ्यांच्या बोलीत या जमिनींसाठी एकच शब्द कधीच नव्हता. ज्या जमिनीवर चैत्र-वैशाखात पांढरा थर येतो ती खारवट. जी पाणी धरून ठेवते ती पाणथळ किंवा चिबड. जी ओली असता निसरडी व सुकल्यावर दगडासारखी होते ती चोपण. चोपून बसवलेल्या भुईची आठवण या शेवटच्या शब्दात आपोआप जागी होते. कृषी विद्यापीठांच्या वर्गीकरणातही क्षारयुक्त, क्षारयुक्त-चोपण आणि चोपण असे तीन भेद मानले जातात. १९५४ साली अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेतील मर्यादा त्यामागे आहेत. विद्युत वाहकता ४, विनिमययोग्य सोडियम १५ टक्के आणि सामू ८.५ हे ते तीन आकडे. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कॅलिफोर्नियात यूजीन हिलगार्ड याने पांढरी खार व काळी खार असा भेद करून दुसरीवर जिप्समचा उपाय सुचवला होता. पुणे-सातारा सीमेवरील नीरा नदीच्या खोऱ्यातील खारजमिनींवर हॅरोल्ड मान व ताम्हणे यांनी १९१० साली इंग्रजीत पुस्तिका लिहिली. कालव्याच्या पाण्यामागून येणारा हा प्रश्न या भूमीला नवा नाही.

म्हणजे भेद बोलीत आहे आणि शास्त्रातही आहे. तो हरवतो तो मधल्या भाषेत. योजना, बातम्या, सभा आणि माहितीपत्रके यांतून ‘क्षारपड’ हा शब्द पाणथळ, खारवट व चोपण या तिन्हींचे ओझे वाहतो. सोय म्हणून त्याचा उपयोग नाकारता येणार नाही. बाधित क्षेत्राची जाणीव लोकांना झाली ती याच शब्दामुळे. परंतु निदानासाठी तो अपुरा आहे, कारण रोग क्षारांचा आहे असे तो आधीच ठरवून टाकतो.

प्रत्यक्षात काय घडते? उन्हाळ्यात क्षार वर येतात तेव्हा त्याच क्षारांमुळे वरची माती जुळलेली, कित्येकदा भुसभुशीत दिसते. पिकाला पाणी शोषता येत नाही, तरी रचना शाबूत असते. मृगाचा पाऊस येतो. त्याचे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते. वरच्या थरातील क्षार खाली जातात, सोडियम मात्र कणांना चिकटून राहतो. आता कणांना जुळवून ठेवणारे काहीच उरत नाही. ते विखुरतात, मातीची छिद्रे बुजवतात, पृष्ठभागावर खपली धरते आणि कोंब वर येत नाही. एकच शेत वैशाखात क्षारयुक्त आणि आषाढात चोपण असू शकते. पांढरा थर गेला म्हणून जमीन सुधारली, हा समज येथे घातक ठरतो.

क्वर्क व स्कोफील्ड यांनी १९५५ साली हीच गोष्ट प्रयोगाने सिद्ध केली. कणांवर सोडियम असला तरी पाण्यातील क्षारांची पातळी एका मर्यादेच्या वर असेतोवर जमीन पाणी मुरू देते. पातळी त्याखाली गेली की निचरा घटतो. यास्तव १५ टक्क्यांची मर्यादा सरसकट लावणे योग्य नाही. ऑस्ट्रेलियात १९७२ पासून ६ टक्क्यांपासूनच जमीन सोडियमबाधित मानण्याची पद्धत रूढ झाली. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेतील संशोधकांनीही भारतातील काळ्या जमिनींसाठी टक्केवारीपेक्षा निचऱ्याचा वेग हा अधिक विश्वसनीय निकष असल्याचे प्रतिपादन केले आहे.

६. मृदा आरोग्य पत्रिकेचे मौन

केंद्र शासनाने २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. तिच्यात बारा घटकांची नोंद ठरवण्यात आली : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, विद्युत वाहकता व सेंद्रिय कर्ब. खतांच्या नियोजनासाठी ही यादी उपयुक्त आहे. परंतु कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला सतावणाऱ्या प्रश्नाचे उत्तर तीत नाही. विनिमययोग्य सोडियम तिच्यात नाही आणि कणांच्या विखुरण्याची कोणतीही कसोटी नाही.

सामूवरून अंदाज बांधता येईल, असा प्रतिवाद संभवतो. सामू ९ च्या पुढे असेल तर तो खराही ठरतो. मात्र चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू निरोगी अवस्थेतही ८ च्या वर असतो, आणि पाण्यातील क्षार वाढलेले असताना तो ८.५ च्या खालीच दिसू शकतो. विद्युत वाहकता तर येथे उलटी दिशाभूल करते. क्षार धुतले गेल्यावर ती घटते व पत्रिकेवर सुधारणा दिसते. नेमक्या त्याच वेळी शेतात कण विखुरत असतात.

ही उणीव भरून काढणारी कसोटी खर्चिक नाही. काचेच्या पेल्यात पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यात सुक्या मातीचे लहान ढेकूळ अलगद सोडावे आणि न ढवळता पाहत राहावे. एमर्सन याने १९६७ साली या साध्या कृतीला शिस्तबद्ध वर्गीकरणाचे रूप दिले. ढेकूळ फुटून त्याचे तुकडे तळाशी पडले आणि पाणी स्वच्छ राहिले, तर ते केवळ विस्कटणे होय. त्याचा संबंध कोंडलेल्या हवेशी व सेंद्रिय द्रव्याच्या अभावाशी असतो. ढेकळाभोवती दुधाळ वलय पसरले तर ते विखुरणे होय. त्यावरून कॅल्शियमची गरज सूचित होते. आपल्या भाषेत दोन्हींना सहज ‘ढेकूळ विरघळले’ असे म्हटले जाते. येथेही दोन घटनांना एकच क्रियापद मिळाले आहे. ही कसोटी विहिरीच्या मचूळ पाण्यात केल्यास मात्र फसवा निकाल मिळतो, कारण त्या पाण्यातील क्षारच कणांना जुळवून ठेवतात.

७. उपायांची चिकित्सा

प्रचलित उपाययोजनेचे मुख्य अंग म्हणजे निचरा. उघडे चर, जमिनीखालील सच्छिद्र नळ्या, मोल नांगराने पाडलेली बिळे असे त्याचे प्रकार आहेत. पाणथळ व क्षारयुक्त जमिनीत निचरा हाच पाया आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पाण्याची पातळी खाली गेल्याशिवाय दुसरा कोणताही उपाय टिकत नाही. परंतु चोपण जमिनीत नळी असते आणि पाणी तिच्यापर्यंत पोचत नाही. वाट विखुरलेल्या कणांनी अडवलेली असते. मोल बिळांचे तर अस्तित्वच भिंतीतील मातीच्या स्थैर्यावर अवलंबून असते. विखुरणाऱ्या मातीत ती ढासळतात. अशा ठिकाणी अपयशाचे खापर यंत्रणेवर किंवा शेतकऱ्याच्या दुर्लक्षावर फोडण्यापूर्वी मातीची जात पाहिली पाहिजे.

दुसरा उपाय जिप्समचा. येथे टक्केवारीची भाषा पुन्हा अडचणीत आणते. समजा, विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणावयाचा आहे. ज्या काळ्या मातीची आयन-विनिमय क्षमता प्रति किलो ५० सेंटिमोल आहे, तिच्यात याचा अर्थ ५ सेंटिमोल सोडियम काढणे असा होतो. मातीची घनता १.४५ धरली, तर ३० सेंटिमीटर खोलीसाठी हेक्टरी सुमारे १९ टन शुद्ध जिप्सम लागते. ज्या तांबड्या मातीची क्षमता ८ सेंटिमोल आहे, तिच्यात त्याच दहा टक्क्यांसाठी सुमारे ३ टन पुरते. शिवाय एका लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते. साध्या पाण्याच्या हिशेबाने १९ टन विरघळण्यास ७५० मिलिमीटर पाणी लागेल. सोडियमयुक्त मातीत जिप्सम याहून अधिक विरघळते, हे खरे. तरीही एका हंगामात जमीन सुधारण्याचे आश्वासन किती पोकळ आहे, हे यावरून ध्यानी यावे.

गंधक आणि साखर कारखान्यांतील मळी, धैंचा व ताग यांची हिरवळीची खते हे उपाय येथील परिस्थितीला विशेष जुळणारे आहेत. जिवाणूंच्या साह्याने गंधकाचे आम्ल बनते, मुळांच्या श्वसनातून कर्बाम्ल निर्माण होते आणि निष्क्रिय पडलेली चुनखडी विरघळू लागते. जमिनीतील कॅल्शियम अशा रीतीने कामाला लागतो. सेंद्रिय द्रव्य जुळलेल्या पुंजक्यांना बांधूनही ठेवते. मात्र विखुरलेल्या कणांना जवळ आणण्याचे काम ते एकटे करू शकत नाही. आधी जुळणे, मग बांधले जाणे हा क्रम आहे. म्हणून कॅल्शियम आधी, क्षार धुणे त्यानंतर, आणि निचरा दोन्हींच्या सोबत असा अनुक्रम चोपण जमिनीत पाळावा लागतो. क्षार आधी धुऊन काढण्याची घाई येथे अपाय करते.

८. निष्कर्ष

ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी सातारा-सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांत नेले आहे. पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची वाट पाहणाऱ्या या भागाच्या दृष्टीने ते वरदानच आहे. परंतु ज्या चुकांमुळे नदीकाठची जमीन गेली त्याच चुका तेथे नव्याने होऊ शकतात, आणि तेथील उथळ, चुनखडीयुक्त जमिनी सावरण्यास फार अवधी देणार नाहीत. पाण्यासोबत मातीची योग्य कसोटीही त्या तालुक्यांत पोचली पाहिजे.

प्रस्तुत विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, ‘क्षारपड’ ही संज्ञा क्षेत्रमोजणीसाठी ठेवावी. निदानासाठी खारवट, पाणथळ व चोपण हे लोकभाषेतील भेदच अधिक अचूक आहेत. दुसरी, माती परीक्षणात विनिमययोग्य सोडियम आणि ढेकळाची कसोटी यांना स्थान मिळावे, व ती कसोटी पावसाच्या पाण्यात घेतली जावी. तिसरी, माथ्यावरच्या तांबड्या मातीचा आणि खोऱ्यातील काळ्या मातीचा विचार एकाच सूत्राने करता येतो, उपाय मात्र एक असू शकत नाही. जांभ्याच्या मातीत कणांचा भार सामू ठरवतो, काळ्या मातीत तो मुळातच ठरलेला असतो. म्हणून सामू वाढवणारा चुना पहिलीत जपून द्यावा लागतो, तर दुसरीत आधीच असलेली चुनखडी विरघळवावी लागते.

जमीन पुन्हा वाहितीखाली येते ती कण एकमेकांना धरू लागतात तेव्हा. पांढरा थर नाहीसा झाला की नाही, यापेक्षा पहिल्या पावसानंतर शेतात साचलेले पाणी निवळ आहे की दुधाळ, हे पाहणे शेतकऱ्याला अधिक खरे उत्तर देईल.